एक ओळ कोरडी

"बाईंचा फोन आला?"

दादा माझ्याशी शेवटचं बोलला ते एवढंच. श्रावणातली संध्याकाळ होती. डहाणूजवळच्या आगर गावातल्या घराच्या ओटीवर तो पायात चपला घालून उभा होता, जायचं कुठेच नव्हतं तरी. मी रिक्षात बसत होते. म्हटलं, "नाही रे बाबा, आला की पहिलं तुलाच सांगेन." त्याने मान हलवली आणि वाडीकडे वळला. गेलं वर्षभर भेट झाली की तो हाच प्रश्न विचारायचा, कधी आल्या आल्या, कधी निघताना, कधी दोन्ही वेळा. बाई म्हणजे हद्दीपलीकडे गुजरातेतल्या ज्या दवाखान्यात त्याच्या हृदयावर उपचार झाले, तिथल्या डॉक्टरीणबाई. त्यांना नंबर माझा दिलेला होता, कारण दादाचा फोन कायम वाडीत कुठेतरी चिकूच्या टोपलीखाली मेलेला असायचा. दुसऱ्या दिवशी फोन आला तो वहिनीचा. मी डहाणूच्या बाजारात धाकटी डहाणू गावच्या एका मासळीवालीशी बोंबलांवरून हुज्जत घालत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, या. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत." मासळीवालीने माझा चेहरा बघितला, पाटी बाजूला सारली आणि मला हाताला धरून आपल्या पाटावर बसवलं. ती काहीतरी विचारत होती, मला ऐकू येत नव्हतं.

आता नवरात्र आलंय. लोक भेटतात, म्हणतात, प्रभाकरभाई शांतपणे गेले, पुण्यवान माणूस. मी मान डोलावते आणि आतून चिडते. शांतपणे? आमचा दादा जन्मात कधी शांतपणे बसला नाही, तो शांतपणे जाईल कसा? जेवतानासुद्धा त्याचा डावा गुडघा हलत असायचा. बोलता बोलता अंगठ्याचं नख चालू. चिकू तयार झालाय का हे आमच्याकडे सालीला नख लावून बघतात. खाली हिरवं दिसलं तर अजून थांबायचं, पिवळट दिसलं तर काढायचा. दादाला ही सवय अशी जडली होती, की टेबलाचा रंग, नव्या भिंतीचा चुना, लग्नाच्या आहेरातलं पितळेचं भांडं, सगळ्याला तो नख लावून बघायचा. कोणी सांगितलं म्हणून त्याने आयुष्यात काही मान्य केलं नाही. आई म्हणायची, हा देवालाही एकदा खरवडून बघेल.

वडिलांनी ठेवलेली चिकूची वाडी तशी लहानच. पण दादाने तिची प्रयोगशाळा करून टाकली होती. नवं खत आलं की सगळ्या झाडांना घालायचं नाही, एक ओळ कोरडी ठेवायची, हा त्याचा नियम. कोरडी म्हणजे बिनखताची. तिच्याशी ताडून बघायचं, फरक पडतो का. एका वर्षी असंच महागडं दाणेदार खत आणलं आणि समुद्राकडच्या बाजूची ओळ कोरडी ठेवली. हंगामात बघतो तर कोरडी ओळही तेवढीच लगडलेली. दादाने गावभर सांगितलं, खत फुकट आहे, कोणी घेऊ नका. दुकानदाराशी भांडण झालं. मग कधीतरी जेठीच्या तोंडून निघालं. जेठी रानशेतची, आमच्या वडिलांच्या वेळेपासून वाडीत कामाला. ती रोज खत घालता घालता मूठ मूठ वाचवून त्या ओळीलाही टाकत होती. दादा असा ओरडला की नारळावरचे कावळे उडाले. "एक ओळ कोरडी राहिली तरच दुसरीचं कळेल ना! तुला किती वेळा सांगितलं!" जेठी कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "तीपण तुजीच झाडां ना रे दादा? बाजूची खातात नि ही काय बघत ऱ्हातील?" रागारागाने तो दिवसभर जेवला नाही... आणि आम्ही पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट सांगून त्याला छळलं.

झटका आला तोही वाडीतच, मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात. चिकू निवडत बसला होता. छातीत दाबल्यासारखं झालं तर गॅस म्हणून सोडा प्यायला, वर ओवा चघळला, आणि मग घामाने भिजलेला सदरा पिळत वहिनीला म्हणाला, मला जरा बरं वाटत नाही. शेजाऱ्यांनी गाडीत घातलं. हद्दीपलीकडच्या दवाखान्यात हृदयाची तुंबलेली नळी साफ झाली, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी बाजूच्या खाटेवर तलासरीच्या डोंगराकडचा एक माणूस आणला होता, देवजी. भाताची आणि नागलीची शेती, दादापेक्षा थोडा लहान, अंगाने काटक. खळ्यात काम करताना छाती धरून पडला होता. दोघांनाही उठायची मनाई, म्हणून दोघांनी पडल्या पडल्या गप्पा सुरू केल्या, आणि मी संत्री घेऊन पोचले तोवर दादाला देवजीच्या घरची कोंबडी किती, हेसुद्धा माहीत झालं होतं.

तिथेच डॉक्टरीणबाई आल्या. वयाने आमच्या पोरींएवढ्या, मराठी बोलता बोलता गुजरातीत शिरणाऱ्या. त्यांनी दोघांना समजावलं. झटक्यात हृदयाचा एक तुकडा मरतो, त्याला इलाज नाही. पण त्याच्या आजूबाजूचा भाग घाबरलेला असतो, जगू की मरू अशा अवस्थेत. आपल्या शरीरातच तयार होणारं एक हॉर्मोन आहे, ते बाहेरून सुईने दिलं तर तो भाग वाचतो का, हे आम्ही तपासतोय. बाकीच्या गोळ्या सगळ्यांना मिळणारच आहेत. ही सुई जास्तीची, आठवड्यातून एकदा, पोटावर, घरीच घ्यायची. मात्र निम्म्या लोकांना खरं औषध आणि निम्म्यांना नुसतं पाणी. "कोणाला काय आहे ते तुम्हाला नाही कळणार, आणि मलापण नाही. पेटीवर फक्त नंबर. सगळं संपलं की मग उघडणार. नाही म्हणालात तरी चालेल हं काका, इलाजात काही फरक नाही."

मला वाटलं दादा वाद घालेल. तो उठून बसायला लागला, नर्सने दाबून धरलं. "बरोबर! बरोबर आहे बाई तुमचं. एक ओळ कोरडी पाहिजेच!" आणि मग नाकात नळी असताना त्याने त्यांना खताची, जेठीची सगळी गोष्ट सांगितली. बाई इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावून गेली. देवजीने हो म्हटलं ते दादाने म्हटलं म्हणून. पण औषध थंडीत ठेवायचं होतं, देवजीकडे फ्रिज नव्हता, आणि असता तरी त्याच्या पाड्यावर वीज पाहुण्यासारखी यायची. बाई त्याला वगळायला निघाल्या. दादा म्हणाला, "याची पेटी माझ्याकडे. हा दर आठवड्याला येईल, आम्ही दोघं एकदम टोचून घेऊ." बाईंनी बराच विचार केला, कोणाला तरी फोन केला, आणि हो म्हणाल्या.

अशा रीतीने आगरच्या घरातल्या फ्रिजचा वरचा कप्पा रिकामा झाला. वहिनीचं लोणचं आणि ताकाचं पातेलं खाली गेलं, वर दोन पांढऱ्या पेट्या. दर गुरुवारी देवजी शेअर इको गाडीने यायचा, येताना कधी करटोली, कधी काकडी. दोघं ओटीवर सदरे वर करून बसायचे. जेठी बघून तोंडाला पदर लावायची. सुई झाली की जेवण. पहिल्या महिन्यापासून दादाचं जेवण उतरलं. मळमळायचं. वहिनीने बोंबील भाजायला घेतले की तो उठून वाडीत जायचा, आणि बोंबलाशिवाय ज्याला घास जात नसे तो हा माणूस! पण खूष होता. मला बाजूला घेऊन सांगायचा, "माझी खरी आहे. हॉर्मोनने भूक मरते, वाचलंय मी. देवजीकडे बघ." देवजी भाताचा डोंगर सपाट करत असायचा. आधी त्यात नुसती फुशारकी होती. मग एका गुरुवारी देवजी ओटीच्या पायऱ्या चढताना मध्येच टेकला. दम खात बसला, हसला, "उन लागला." दादा हसला नाही. त्या दिवशी तो जेवायलाही बसला नाही, देवजी गेल्यावर नुसता येरझाऱ्या घालत राहिला.

पावसाळ्याच्या तोंडाशी मी अशीच न सांगता गेले, तर दोघं ओटीवर. दादाच्या हातात सुई, समोर देवजीचं पोट, आणि बाजूला उघडी पेटी. नंबर मला पाठ होते, गेले की फ्रिज पुसायचं काम माझ्याकडेच असायचं. म्हटलं, "दादा, ही तुझी पेटी ना?"

"हं."

"मग त्याला का टोचतोस?"

दादाने सुई खाली घेतली. खोटं बोलायला त्याला कधीच जमलं नाही, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. देवजीच म्हणाला, "एक आठवडा दादांची, एक आठवडा माझी. दोघांला सारकी. होळीपासून चालू हाय."

मी पिशवी खाली टाकली. मला हसावं की रडावं कळेना. दारात जेठी सुपात तांदूळ घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं आणि दादाला म्हटलं, "बघ. तिच्यावर ओरडला होतास ना? तू जेठी झालास." जेठीला फार आनंद झाला. "मंग! मी तवाच सांगला होता," म्हणाली आणि तांदूळ पाखडायला लागली. दादा मात्र पांढरा पडला. त्याच्या डोक्यात तोवर ही गोष्ट तशी आलीच नव्हती बहुतेक. एकाच्या ताटात आहे, दुसऱ्याच्या नाही, एवढंच त्याला दिसत होतं. "झाडं वेगळी गं," तो म्हणाला. "झाडं पायऱ्यांवर टेकत नाहीत."

पुढच्या तपासणीला मी त्याच्याबरोबर होते. बाई खुषीत होत्या. म्हणाल्या, "काका, तुमच्या चिकूच्या ओळीची गोष्ट मी नवीन पेशंटना सांगते, त्यांना लगेच समजतं." दादाने नख टेबलाच्या कडेला लावलं, खरवडलं, आणि सांगून टाकलं. सगळं, होळीपासूनचं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "अरे काका, आ शुं कर्युं? काय केलंत हे?" त्या ओरडल्या नाहीत, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, आता तुमचं दोघांचं काहीच मला हिशोबात धरता येणार नाही, सुया आजपासून बंद. दोन्ही पेट्या एका घरात ठेवू दिल्या ही माझीपण चूक, मी वर सांगेन. दादाने मान खाली घातली. पण गप्प बसेल तर तो दादा कसला. "ते ठीक आहे बाई. पण सांगा, माझीच खरी होती ना? मला मळमळत होतं."

"मला माहीत नाही काका, खरंच. आणि मळमळ पाण्यानेपण होते. माणसाला वाटलं की आपली खरी, तर होते."

त्या वाक्याने माझ्या भावाचं उरलेलं आयुष्य नासवलं, आणि त्यात बाईंचा काही दोष नाही, त्यांनी खरं तेच सांगितलं. घरी येताना गाडीत तो खिडकीची काच नखाने खरवडत होता. मग अचानक म्हणाला, "म्हणजे त्याची खरी असली तर? मग मी त्याला दिलं नाही. त्याचं निम्मं मी खाल्लं." मी म्हटलं, आता काय त्याचं. तो म्हणाला, "काय त्याचं? अगं, त्याच्या हृदयाचा तुकडा होता तो."

तिथून पुढे तो प्रश्न. बाईंचा फोन आला? औषधाचा अभ्यास संपला की त्या कळवणार होत्या, आणि अभ्यास काही संपत नव्हता. दादाचं हृदय तसं कमजोरच राहिलं, त्याची त्याला पर्वा नव्हती. देवजी कसा आहे, हे हवं. सुया बंद झाल्या तरी देवजी दर गुरुवारी यायचा, म्हणायचा, "बरां वाटतां." दादाचा विश्वास नाही! शेवटी फाल्गुनात मला घेऊन तो तलासरीला देवजीच्या पाड्यावर गेला आणि म्हणाला, "चल, चढ टेकडी, मला बघायचंय." देवजी निघाला पुढे, हा त्याच्या मागे, आणि मी दोघांच्या मागे शिव्या घालत. अर्ध्या वाटेत मोहाच्या झाडाखाली दादा मटकन बसला. देवजी वरून परत खाली आला, शेजारी बसला, आपल्या फडक्याने त्याचा चेहरा पुसला. "बघितला ना? आता उतरा." खरं तर तेवढ्याने दादाने समाधान मानायला हवं होतं. पण तो म्हणाला, पूर्ण औषध मिळालं असतं तर तू धावत चढला असतास.

त्या दिवशी पाड्यावरच्या लोकांनी नदीतला डोह उपसून मासे धरले होते. संध्याकाळी काठावर पळसाच्या पानांवर वाटे घातले. मासे धरणाऱ्यांचे, तसेच घरी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईचे, ताप आलेल्या कोणाचे, आणि आम्हा दोघांचेही. सगळे सारखे. दादा म्हणाला, "आम्ही तर पाण्यात पायही घातला नाही." वाटे घालणारा माणूस वर न बघता म्हणाला, "आला नाय त्याचा पण ऱ्हातो." परतताना दादा आमच्या वाट्याचा पुडा मांडीवर धरून बसला होता. मला वाटलं आता तरी हा निवळेल. तर तालुक्याची हद्द ओलांडून डहाणूची पाटी दिसली आणि...

"बाईंचा फोन आला का बघ ना."

आला. दादाला जाऊन महिना उलटला आणि आला. मी त्याच बाजारात होते. बाईंना दादा गेल्याचं माहीत नव्हतं. सांगितल्यावर त्यांनी कधी, कसे, एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, अभ्यास बंद झालाय, औषधाचा गुण येतो की नाही याचा हिशोब अजून चालू आहे, ते आज सांगता येणार नाही. पण पेट्यांचे नंबर उघडलेत. "तुम्हाला हवंय का, मावशी?" मला नको होतं. मला त्या क्षणी फोन खाडीत टाकावासा वाटला. पण ज्याला हवं होतं तो नाही, म्हणून मी हो म्हटलं. दादाच्या पेटीत पाणी होतं. औषध देवजीच्या पेटीत होतं.

दोन दिवस मी घर आवरत राहिले. भांडी घासलेली पुन्हा घासली. दादा गेला ते बरंच झालं असं मनात आलं आणि त्याचा असा संताप आला की विचारू नका. देवजीला सांगायचं की नाही? न सांगावं तर दादाने आयुष्यात केलेली एकच लबाडी मी पुढे चालवणार. सांगावं, तर त्याने काय म्हणायचं? माझं औषध खाल्लं, आणि वर उपकार केल्यासारखं तोंड करून फिरला? शेवटी इको पकडली. वाटेत ओळखीचं कोणी बोललं तर मी खिडकीकडे तोंड केलं.

देवजी भाताच्या बांधावर होता, दाणे भरत आले होते. मी बसलेसुद्धा नाही, उभ्यानेच सांगितलं. तुझी पेटी खरी होती. दादाची पाण्याची. त्याने तुला दिलं ते पाणी, आणि तुझं निम्मं औषध त्याने घेतलं.

देवजीने विळा बांधावर टेकवला. मला परत विचारलं, नीट, एकेक शब्द सुटा करून. "माझीवाली सुई... दादांला लागली?"

"हो."

"निम्मी? पुरी निम्मी?"

"हो रे. निम्मी."

तो खाली बसला. मला वाटलं, याला आता काही होतंय, मी घाबरून पुढे झाले. तर तो रडत होता, हसतही होता. "बरां झाला ताई. लय बरां झाला. मना वाटायचा, मी त्यांचा खाऊन जगलो नि ते गेले. बाराव्याला आलो, तुमच्या घरात पाणी नाय प्यायलो मी. वहिनीच्या तोंडाकडे बघवला नाय." नाक पुसून म्हणाला, "मंग माझा वाटा त्यांना पोचला. पुरा पोचला."

मी तिथेच चिखलात त्याच्या शेजारी बसले आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा रडले, चांगली भोकाड पसरून. वर्षभर हे दोघं गुरुवारी एकमेकांसमोर बसत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण दुसऱ्याचं खातोय. एकाने जरी तोंड उघडलं असतं! पण नाही. एक टेकडी चढवायला लावतोय आणि दुसरा बरां वाटतां म्हणतोय.

निघताना देवजीने ओढ्यातले खेकडे आणि मासे पानात बांधून दिले. दोन पुडे, एक मोठा, एक लहान. मोठा वहिनीचा आणि माझा. लहान कोणाचा ते मी विचारलं नाही.

आगरला पोचले तेव्हा वहिनी मागच्या दारी होती. फ्रिजचा वरचा कप्पा अजून रिकामा आहे. पेट्या कधीच परत गेल्या, पण वहिनीने लोणचं खालून वर नेलेलं नाही, आणि मीही तिला सुचवलेलं नाही. कप्प्याच्या काठावर दादाच्या नखाचा ओरखडा आहे, नवा फ्रिज आला तेव्हाचा. मी लहान पुडा तिथे ठेवला. दार लावलं, मग पुन्हा उघडलं.

"दादा," मी म्हटलं, "बाईंचा फोन आला होता. आणि देवजी खूष आहे."